म्युझिक लायब्ररी: टॅग, स्मार्ट प्लेलिस्ट आणि सहसा कोणी उघडत नाही ती सेटिंग्ज

एकच अल्बम लायब्ररीत आठ-दहा तुकड्यांत दिसतो, प्रत्येक तुकड्यात एकेक गाणं. फाइली एकाच फोल्डरमध्ये असूनही असं होतं, कारण आयट्यून्स (मॅकवर २०१९पासून त्याच्या जागी 'म्युझिक' अ‍ॅप आहे), म्युझिकबी किंवा फूबार२००० ही गाणी वाजवणारी सॉफ्टवेअर अल्बम जुळवताना फोल्डर नाही, फाइलच्या आतले टॅग, म्हणजे नाव, गायक, अल्बम अशा नोंदी बघतात. 'आर्टिस्ट'मध्ये गाण्यागणिक वेगळा गायक असेल आणि 'अल्बम आर्टिस्ट' रिकामा असेल, तर अल्बम फुटणारच. सगळी गाणी एकदम निवडा आणि 'अल्बम आर्टिस्ट'मध्ये एकच नाव भरा. अनेकांच्या गाण्यांचा संग्रह असेल तर 'कंपायलेशन'वर टिक करा. एवढं करूनही फुटलेलाच राहिला तर अल्बमच्या नावाच्या शेवटी स्पेस राहिलेली असू शकते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण सॉफ्टवेअरच्या लेखी ते वेगळं नाव ठरतं. रकाना पूर्ण पुसून नाव नव्यानं टाइप करा. दोन सीडींच्या अल्बमला नावात 'भाग २' जोडू नका. त्यासाठी डिस्क नंबरचा रकाना आहे, तिथे १/२ आणि २/२ भरा.

देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसत असतील तर टॅगची आवृत्ती तपासा. एमपी३ फाइलींच्या टॅगला आयडी३ म्हणतात. फाइलच्या शेवटी चिकटवलेला जुना, आवृत्ती १चा आयडी३ टॅग जेमतेम १२८ बाइटचा असतो आणि त्यात गाण्याच्या नावाला फक्त ३० बाइट मिळतात. यूटीएफ-८ या, अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत (एन्कोडिंगमध्ये) देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. म्हणजे नाव मावत नाही ते नाहीच. शिवाय बरीच सॉफ्टवेअर या जुन्या टॅगमध्ये रोमन लिपीपुरतंच एन्कोडिंग वापरतात. एमपी३टॅग या टॅग बदलण्याच्या सॉफ्टवेअरच्या ऑप्शन्समध्ये टॅग्जखाली एमपेग उघडा, लिहिण्यासाठी आवृत्ती २.३ आणि यूटीएफ-१६ निवडा, जुना टॅग काढून टाकण्याची खूण करा आणि फाइली पुन्हा सेव्ह करा. २.४ आवृत्ती नवी आहे खरी, पण जुन्या प्लेअरांना २.३ जास्त पचते. फ्लॅक फाइलींना ही भानगडच नाही, त्यांचे टॅग मुळातच यूटीएफ-८मध्ये असतात.

टॅग नसलेल्या फाइलींचा ढीग असेल तर म्युझिकब्रेन्झ पिकार्ड हे टॅग भरणारं सॉफ्टवेअर कामाला येतं. ते आवाजाचा ठसा घेऊन गाणं ओळखतं. गंमत अशी की लोक थेट 'स्कॅन' दाबतात आणि एकाच अल्बमची गाणी वीस वेगवेगळ्या 'बेस्ट ऑफ' संग्रहांत विखुरतात. आधी 'क्लस्टर' (फाइलींचे अल्बमनुसार गट), मग 'लुकअप' (आहेत त्या टॅगवरून शोध), आणि उरलेल्यांनाच 'स्कॅन' (आवाजाच्या ठशावरून शोध) हा क्रम ठेवा. ऑप्शन्स मेनूतल्या 'रिनेम फाइल्स' आणि 'मूव्ह फाइल्स' या दोन्हींवरची टिक सुरुवातीला काढून ठेवा. निकाल पटला की मगच सेव्ह करा.

टॅग सरळ झाले की स्मार्ट प्लेलिस्टची, म्हणजे नियमांवरून आपोआप भरणाऱ्या यादीची खरी मजा. 'रॉक' किंवा '१९९०चं दशक' असल्या याद्या कोणीही करतो. ही करून बघा: रेटिंग ४ तारे किंवा जास्त, शेवटचं वाजवलेलं गेल्या ६ महिन्यांत नाही, प्ले काउंट शून्याहून जास्त, मर्यादा ५० गाणी, निवड सर्वांत आधी वाजलेल्यांपासून, 'लाइव्ह अपडेटिंग' चालू. आवडून विसरलेली गाणी आपोआप वर येतात आणि वाजलं की गाणं यादीतून निघून जातं. प्ले काउंटची अट गाळलीत तर कधीच न वाजलेली गाणीही आत घुसू शकतात. आणखी एक मेख आहे. आयट्यून्समध्ये गाणं शेवटपर्यंत वाजलं तरच ते मोजलं जातं. शेवटच्या टाळ्या ऐकायच्या नाहीत म्हणून तुम्ही दर वेळी पुढे गेलात, तर तेच गाणं यादीत ठाण मांडून बसेल.

'हे आणि ते, किंवा ते दुसरं' अशी मिश्र अट हवी असेल तर मॅकवर ऑप्शन कळ दाबून धरा. अधिकच्या चिन्हाची तीन टिंबं होतात आणि आतला गट उघडतो. हे जमत नसेल तर आधी एक यादी बनवा आणि दुसऱ्या यादीच्या नियमात 'प्लेलिस्ट' म्हणून तीच टाका.

मूड, वेळ, वाद्य यांसाठी वेगळे जॉनर बनवत बसू नका, जॉनरचा पार उकिरडा होतो. 'ग्रुपिंग' रकाना बहुधा रिकामाच असतो, त्यात #सांज; #सतार; अशा खुणा लिहा आणि नियमात 'कंटेन्स' वापरा. शेवटचा अर्धविराम मुद्दाम आहे. नियमातही तो धरून '#सांज;' असंच शोधा, नाहीतर '#सांजवात;'सुद्धा पकडलं जातं.

एक गाणं कुजबुजतं आणि दुसरं कानठळ्या बसवतं, यावर रिप्लेगेन हा उपाय. तो आवाजाला हात लावत नाही. किती कमी-जास्त करायचं तेवढं टॅगमध्ये लिहितो. शफलसाठी 'ट्रॅक', सलग अल्बम ऐकताना 'अल्बम' मोड ठेवा, नाहीतर मुद्दाम हळू ठेवलेलं गाणंही बाकीच्यांइतकं मोठं होतं. पीकनुसार (गाण्यातल्या सर्वांत मोठ्या आवाजानुसार) क्लिपिंग, म्हणजे आवाज मर्यादेबाहेर जाऊन फाटणं, टाळण्याचा पर्याय चालू हवा. आयट्यून्स रिप्लेगेन वाचत नाही, त्याचं 'साउंड चेक' वेगळं आहे.

आयट्यून्समधले तारे आणि प्ले काउंट फाइलमध्ये नसतात, लायब्ररीच्या डेटाबेसमध्ये असतात. म्हणून फाइली एक्सप्लोररमधून हलवू नका. दुवा तुटतो आणि नव्यानं आयात केलं की सगळं शून्यावर येतं. आधी लायब्ररीची फाइल कॉपी करून ठेवा, मग काय ती उलथापालथ करा. फूबारमध्ये प्लेबॅक स्टॅटिस्टिक्स हा जोडभाग ही आकडेवारी टॅगमध्ये लिहून देतो.

डुप्लिकेट काढताना आयट्यून्सची साधी यादी फक्त गाण्याचं आणि कलाकाराचं नाव बघते, त्यामुळे स्टुडिओतलं आणि मैफलीतलं गाणंही जोडीनं दिसतं. विंडोजवर शिफ्ट, मॅकवर ऑप्शन धरून 'एक्झॅक्ट' यादी मागवा. बिटरेटवर (दर सेकंदाला किती किलोबिट माहिती) डोळे झाकून भरवसा ठेवू नका: १२८ची फाइल ३२०मध्ये बदलली म्हणून सुधारत नाही. स्पेक्ट्रोग्राममध्ये (आवाजातल्या कंपनसंख्यांच्या चित्रात) सगळं १६ किलोहर्ट्झच्या आसपास कापल्यासारखं दिसलं तर संशय घ्या. आणि जी प्रत उडवणार ती कोणत्या प्लेलिस्टमध्ये आहे ते आधी बघा, कारण ती गेली की तिथली जागा दुसरी प्रत आपणहून घेत नाही.