अंगावर पुरळ, चेहरा लाल? क्रीम लावायच्या आधी कारण असं शोधा

चेहरा लाल झाला किंवा अंगावर पुरळ उठलं की आपण आधी घरातली कुठलीतरी ट्यूब शोधून लावतो. माझं कळकळीचं सांगणं आहे, ही घाई करू नका, ट्यूब लावली की पुरळाचं मूळ रूपच बदलतं आणि मग डॉक्टरांनाही ओळखायला अवघड जातं.

पहिल्यांदा काचेचा पारदर्शक ग्लास घ्या, डागावर दाबून धरा आणि काचेतून बघा. लाली फिकी पडली तर बहुतेक ऍलर्जी, घामोळं असलं काहीतरी असतं. डाग तसाच लाल-जांभळा राहिला तर कातडीखाली रक्त उतरलेलं असतं, डेंग्यूतही असे बारीक ठिपके येतात, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ओठ-डोळे सुजले, दम लागला किंवा नवीन गोळी सुरू केल्यावर तोंडात फोड आले तर थेट हॉस्पिटल गाठायचं. आणि आपल्या सावळ्या रंगावर लाली पुष्कळदा तपकिरी किंवा जांभळट दिसते, हे लक्षात ठेवा.

मग जागा बघा, निम्मं उत्तर तिथेच मिळतं. माझ्या आईच्या कपाळावर बरोब्बर टिकलीएवढा गोल खाजायचा, नंतर तिथला रंगच उडाला, कारण होतं टिकलीमागचा गोंद. कानाच्या पाळ्या आणि जीन्सच्या बटणाखाली बेंबीजवळ खाज असेल तर निकेल, म्हणजे दागिन्यांत आणि बटणांत असणारा धातू. केसांच्या कडेने, कानामागे, मानेवर उठलं तर हेअर डायमधलं केमिकल, आणि काळ्या मेंदीतही बऱ्याचदा तेच केमिकल असतं. परकराच्या नाडीखाली, जांघेत, कडा लाल आणि मध्ये साफ असं गोल असेल तर गजकर्ण, म्हणजे बुरशी. शेतात जाणाऱ्यांच्या पापण्या, मान, कोपराच्या आतली बाजू सोलवटली तर गाजर गवताचा संशय घ्या, हे गवत 1955 च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलं आणि आता बांधाबांधावर आहे. पावसाळ्यात सकाळी उठल्यावर मानेवर चाबकाच्या वळासारखी जळजळती रेघ दिसली तर पुष्कळजण नागीण समजून घाबरतात, पण बऱ्याचदा रात्री दिव्यावर आलेला एक किडा अंगावर चिरडला गेलेला असतो, त्याचा रस लागून ते होतं. किडा दिसला तर फुंकर मारून उडवा, चिरडलाच तर लगेच साबणाने धुवा.

पित्ताच्या गांधी ओळखायची सोपी युक्ती म्हणजे एका गांधीभोवती पेनाने गोल काढा, ती साधारण 24 तासांच्या आत तिथून जाते आणि दुसरीकडे उठते. गोल तसाच भरलेला राहिला तर वेगळं काहीतरी आहे.

आता नुसता चेहराच लाल असेल तर नीट वाचा. उन्हाने, तिखटाने, गरम चहाने गाल-नाक लाल होत असेल तर रोझेशिया, म्हणजे चेहरा वारंवार लाल होण्याचा त्वचेचा आजार, असू शकतो. पण आपल्याकडे फार मोठं कारण म्हणजे गोरं व्हायला म्हणून मेडिकलमधून आणलेली स्टेरॉइडची क्रीम. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यातलं नाव आहे का बघा. सुरुवातीला चेहरा छान उजळतो, मग कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसतात, पुटकुळ्या आणि लव येते आणि क्रीम थांबवली की आग आग होते, म्हणून माणूस परत तीच लावतो. गजकर्णावर हीच क्रीम लावली की खाज थांबते आणि बुरशी पसरत जाते. 2018 मध्ये सरकारने अशी 14 स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती सर्रास मिळतात. महिनोनमहिने लावत असाल तर मनाने बंद करू नका, त्वचेच्या डॉक्टरांना विचारून सोडा.

बाकी किरकोळ पुरळ असेल तर दोन आठवडे सगळी कॉस्मेटिक्स बंद ठेवा, साधा साबण, साधं मॉइश्चरायझर बास. मग एकेक वस्तू परत सुरू करा, आधी कोपराच्या आत थोडी लावून, आणि डाय असेल तर 48 तास वाट बघून. बरं नाही वाटलं तर पुरळाचे रोजचे फोटो आणि वापरलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या.