बारा तारांच्या इलेक्ट्रिक गिटारसाठी नवे पिकअप कसे निवडावेत

पिकअप (तारेची थरथर विजेच्या संकेतात बदलणारा चुंबक आणि कॉइल) बदलायचा विचार आला की आधी स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि जुनेच पिकअप जरा खाली करून बघा. बारा तारा सहा जोड्यांत असतात. त्यातल्या कडेच्या दोन्ही जोड्या शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि तार ते पोल (तारेखालचा पिकअपचा चुंबकी टोक) हे अंतर मोजा. ब्रिजकडे (तारा गिटारच्या अंगावर टेकतात तिकडे) साधारण २ मिलिमीटर, नेककडे (दांडीकडे) ३, इथून सुरुवात करावी. पिकअप फार वर असला की चुंबक तारेला ओढतो, स्वर डळमळतो आणि नीट लावलेली जोडीही बेसूर वाटते. सहा तारांवर हे खपून जातं. बारा तारांवर प्रत्येक स्वराशेजारी त्याचा जोडीदार वाजत असतो, त्यामुळे केसभर फरकही कानाला बोचतो. नव्या तारा आणि योग्य उंची एवढ्यावर भागलं, तर पिकअपचा खर्च वाचला.

तरीही समाधान होत नसेल तर नेमकं काय खटकतंय ते शोधा. ॲम्प क्लीन ठेवा, टोन पूर्ण उघडा आणि एकेक जोडी वाजवा. मग जोडीतली एकच तार, मग दुसरी. तिसऱ्या जोडीपाशी, म्हणजे जी (G) स्वराच्या तारांपाशी, थोडं जास्त थांबा. तिच्यातली बारीक तार ही अख्ख्या गिटारवरची सगळ्यात उंच स्वराची तार आहे: ३९२ हर्ट्झ. पहिली ईसुद्धा ३३० वरच थांबते. बारा तारांचा जो झंकार आपल्याला हवा असतो, त्यातला मोठा वाटा या एका तारेचा. ती दबत असेल तर दोष बहुधा पोलच्या जागेत किंवा उंचीत असतो. खालच्या जोड्या घुमून सगळं गढूळ होत असेल तर पिकअपच जड, म्हणजे जास्त ताकदीचा आहे.

आता मोजपट्टी घ्या. पहिल्या जोडीच्या मध्यापासून सहाव्या जोडीच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा, तेही पिकअप जिथे बसतो त्या जागी. नेककडे तारा जवळ येतात, म्हणून दोन्ही पिकअपची मापं वेगळी घ्या. सहा पोलांच्या पिकअपमध्ये हे माप साधारण ४९ ते ५३ मिलिमीटर असतं. बारा तारांना सहा पोल कसे पुरणार, ही शंका बऱ्याच जणांना येते. जोडीतल्या दोन तारांमध्ये जेमतेम २ मिलिमीटर जागा असते आणि पोल असतो सुमारे ५ मिलिमीटर रुंद, म्हणजे दोघी आरामात त्यावर मावतात. अट एकच, जोडीचा मध्य पोलच्या मध्यावर यायला हवा. २ मिलिमीटरची चूक झाली की एक तार पोलवर आणि दुसरी बाहेर! माप जुळत नसेल तर सलग पट्टीचा, म्हणजे ब्लेडचा पिकअप घ्या. लिपस्टिक पिकअपही चालतो, त्यात आत एकच लांब चुंबक असतो. उंचसखल पोलांचे सिंगल कॉइल (एकाच कॉइलचे पिकअप) मात्र मी टाळतो. ती उंची सहा तारांच्या संचासाठी ठरवलेली असते.

मापं जुळली की खरा प्रश्न ताकदीचा. इथे माझं मत ठाम आहे: कमी ताकदीचा पिकअप घ्या. मी एकदा ब्रिजला १४ किलोओहमचा, म्हणजे जोरकस हंबकर (घरघर दाबणारा दोन कॉइलचा पिकअप) बसवला होता. पहिला कॉर्ड भरदार वाटला, पण थोड्याच वेळात लक्षात आलं की जोडीतल्या सप्तकभर उंच स्वराच्या तारा वेगळ्या ऐकूच येत नाहीत. कॉइलला वेढे जास्त म्हणजे इंडक्टन्स जास्त, आणि इंडक्टन्स वाढला की वरचे स्वर झाकले जातात. म्हणून नुसत्या ओहमवर जाऊ नका, माहितीपत्रकात हेन्रीचा (इंडक्टन्सच्या एककाचा) आकडा शोधा. स्ट्रॅटच्या (फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या) सिंगल कॉइलला तो २ ते २.५ च्या आसपास असतो, पूर्ण आकाराच्या हंबकरला ४ च्या वर. फिल्टरट्रॉन नावाचा पिकअप हंबकर असूनही ४ किलोओहमच्या आसपासच असतो आणि बारा तारांवर फार मोकळा वाजतो. १९६४ साली बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनच्या हाती आलेल्या रिकनबॅकर ३६०/१२ या बारा तारांच्या गिटारवरचे टोस्टर नावाचे पिकअप सिंगल कॉइलच होते. द बर्ड्स बँडच्या रॉजर मॅक्ग्विनचा लांबवर टिकणारा स्वरही कॉम्प्रेसरची (आवाजाचे चढउतार कमी करणाऱ्या यंत्राची) देणगी आहे. तो स्वर हवा असेल तर कॉम्प्रेसर घ्या, जोरकस पिकअपने तो मिळत नाही.

गिटारमध्ये हंबकरचीच खाच असेल तर लाकूड कोरायची गरज नाही. चार वायरींचा हंबकर घ्या आणि त्याच्या दोन कॉइल पॅरलल जोडा. इंडक्टन्स सिरीजच्या सुमारे पाव होतो, आवाज उजळतो आणि घरघर तरीही दबलेली राहते. पॉट (आवाज आणि टोनच्या बटणांमागचे रोधक) २५० ऐवजी ५०० किलोओहमचे लावले तर आणखी थोडी चमक येते. ब्रिजचा खर्ज अजून जड वाटतोय? जुन्या रिकनबॅकरमध्ये ब्रिज पिकअपला सिरीजमध्ये ०.००४७ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर असायचा, तो खालचे स्वर छाटतो. हा स्वस्त उपाय कुठल्याही गिटारवर करता येतो.

एकच पिकअप बदलणार असाल तर सोल्डर केल्यावर दोन्ही एकत्र वाजवून बघा. आवाज पातळ आणि नाकातून आल्यासारखा झाला तर फेज उलटी आहे, म्हणजे दोन्ही पिकअप एकमेकांचा आवाज खोडतायत. नव्या पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल करा. मात्र धातूचं कव्हर त्यातल्या एका वायरीला जोडलेलं असेल तर ते आधी वेगळं करून ग्राउंडला जोडा, नाहीतर कव्हरला हात लागला की घरघर येईल.

शेवटी पुन्हा उंची. स्क्रूचे पोल असतील तर जीची बारीक तार कान देऊन ऐका, तिला धरून बाकीचे पोल वरखाली करा. खर्जाची बाजू थोडी खालीच ठेवा. एका वेळी अर्धा फेरा फिरवायचा, सूर पुन्हा लावायचा आणि मगच पुढचा कॉर्ड वाजवायचा.