सीबी लिनिअरचे ट्रान्झिस्टर पुन्हा पुन्हा उडतात? या चुका टाळा

सीबी (सिटिझन्स बँड, २७ मेगाहर्ट्झचा) रेडिओची पॉवर वाढवणारा ॲम्प्लिफायर म्हणजे लिनिअर. तो बंद पडला, आतला ट्रान्झिस्टर शॉर्ट निघाला, नवा आणून लावला आणि पहिल्यांदा की (बोलण्याचं बटण) दाबताच तोही गेला. ही तक्रार फार जुनी आहे. कारण बहुतेकदा एकच असतं: मेलेला ट्रान्झिस्टर बदलला जातो, पण त्याला मारणारा भाग बोर्डावर तसाच राहतो. खालचे आकडे २एससी२८७९ या ट्रान्झिस्टरला धरून दिले आहेत. त्याचं रेटिंग १२.५ व्होल्टवर १०० वॅट पीईपी (शिखरावरची पॉवर) आहे. एमआरएफ४५४, एसडी१४४६ किंवा २एससी२२९० असेल तर रेटिंग बदलेल, तपासण्याची पद्धत तीच राहील.

बोर्डावरच मीटर लावून निकाल देणं

पुश-पुल जोडीत (आळीपाळीने काम करणारे दोन ट्रान्झिस्टर) दोन्ही कलेक्टर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या वायंडिंगने डीसीला एकत्र जोडलेले असतात. त्यामुळे एक शॉर्ट झाला तरी मीटर दोन्ही शॉर्ट दाखवतं आणि चांगला ट्रान्झिस्टरही कचऱ्यात जातो. बेसकडेही तसंच: इनपुट ट्रान्सफॉर्मर आणि बेसवरचा कमी ओमचा रेझिस्टर यांमुळे बेस-एमिटर नेहमीच शॉर्टसारखा दिसतो. किमान बेस आणि कलेक्टरच्या पट्ट्या बोर्डापासून सोडवल्याशिवाय मोजलेल्या आकड्याला अर्थ नाही.

पट्ट्या ओळखणं सोपं आहे. टोक तिरकं कापलेली पट्टी कलेक्टर, तिच्या समोरची बेस, बाजूच्या दोन एमिटर. मीटर डायोड मोडवर ठेवून लाल प्रोब बेसला लावा. एमिटरकडे आणि कलेक्टरकडे साधारण ०.४५ ते ०.६५ व्होल्ट यायला हवेत, कलेक्टरकडचा आकडा किंचित कमी. प्रोब उलटे केले की दोन्हीकडे ओपन. कलेक्टर-एमिटर दोन्ही दिशांना ओपन. कलेक्टर-एमिटर शॉर्ट असेल तर ट्रान्झिस्टर सरळ गेलेला आहे. बेस-एमिटर ओपन असेल तर आतली बारीक तार वितळली आहे. हा दोष पुष्कळांच्या नजरेतून सुटतो, कारण फ्यूज उडत नाही, फक्त पॉवर निघत नाही.

सुईच्या जुन्या मीटरची सर्वांत मोठी ओम रेंज इथे वापरू नका. तिच्यात बरेचदा ९ व्होल्ट किंवा जास्त बॅटरी असते आणि या ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर उलट दिशेने ४ व्होल्टच सहन करतो. तो जंक्शन वारंवार ब्रेकडाउनमध्ये गेला की गेन कायमचा घसरतो, आणि डायोड मोडमध्ये ते कळतही नाही.

डायोड टेस्ट पास म्हणजे ट्रान्झिस्टर चांगला, असं धरणं

डायोड मोड फक्त मेलेला ओळखतो, आजारी नाही. आणखी दोन चाचण्या कराव्या लागतात.

पहिली गळतीची. बेस आणि एमिटर एकमेकांना जोडा. कलेक्टरला १० किलोओमच्या रेझिस्टरमधून ३० व्होल्ट द्या आणि त्या रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजा. चांगल्या ट्रान्झिस्टरवर ते जवळपास शून्य असतं. १ व्होल्ट दिसला म्हणजे १०० मायक्रोअँपिअर गळती झाली. असा ट्रान्झिस्टर जोडीत बसवू नका.

दुसरी डीसी गेनची. मीटरवरचं एचएफई सॉकेट इथे निरुपयोगी आहे, ते अगदी थोड्या करंटवर मोजतं. ट्रान्झिस्टर हीटसिंकवर घट्ट बसवा, कलेक्टरला करंट लिमिट असलेल्या सप्लायमधून ५ व्होल्ट द्या, बेसला त्याच ५ व्होल्टवरून २२० ओममधून करंट द्या. बेसमध्ये जवळपास २० मिलिअँपिअर जातात. कलेक्टर करंट ०.८ अँपिअर असेल तर गेन ४०. लिमिट २ ते ३ अँपिअरवर ठेवा. कलेक्टर-एमिटरच्या पट्ट्यांना अगदी लागून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि बेसच्या तारेत फेराइट मणी हवाच. ही दोन्ही नसतील तर ट्रान्झिस्टर ऑसिलेट होतो, म्हणजे सिग्नल नसताना स्वतःच लहरी निर्माण करतो. बोट जवळ नेलं की आकडा हलतो, ही त्याची खूण. जोडीतल्या दोघांचे आकडे १० टक्क्यांच्या आत जुळायला हवेत. एकच गेला असला तरी जोडी बदलावी, असं आमचं ठाम मत आहे. जुना आणि नवा एकत्र लावले की जास्त गेनचा सगळा भार ओढतो आणि आधी तोच जातो.

२एससी२८७९ चं मूळ उत्पादन केव्हाच थांबलेलं आहे, त्यामुळे बाजारात घासून पुन्हा छापलेले नग भरपूर फिरतात. छपाईखाली घासल्याच्या रेषा, जोडीतल्या दोन नगांच्या फ्लँजची (खालच्या धातूच्या पट्टीची) जाडी वेगळी, आधीच सोल्डर चढलेल्या पट्ट्या, यांतलं काहीही दिसलं तर ट्रान्झिस्टर परत करा. लेखी रेटिंगवर विसंबू नका, गेन मोजा.

मारणारा भाग न शोधता नवा लावणं

जुने ट्रान्झिस्टर काढल्यावर बोर्ड रिकामा असतो. तपासायची खरी वेळ हीच.

सर्वांत आधी बायस, म्हणजे बेसला सतत दिलेलं थोडं व्होल्टेज. ट्रान्झिस्टर काढलेल्या स्थितीत की लाइन (लिनिअर चालू करणारी तार) ग्राउंड करून बेसच्या जागी व्होल्टेज मोजा. ०.६ ते ०.७ च्या आसपास असेल तर ठीक. कित्येक व्होल्ट दिसले तर बायस डायोड ओपन आहे, आणि नवा ट्रान्झिस्टर लावताच तो पूर्ण करंट ओढून मरेल. हा डायोड ट्रान्झिस्टरला किंवा हीटसिंकला चिकटून असतो, कारण तापमान वाढलं की त्याने बायस खाली आणायचा असतो. दुरुस्तीत तो हवेत लोंबकळत राहिला तर ट्रान्झिस्टर तापतो, जास्त करंट ओढतो, आणखी तापतो.

मग कलेक्टरकडून बेसकडे जाणारं फीडबॅक. त्यात एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर सीरिजमध्ये असतात. कपॅसिटर शॉर्ट झाला तर १३.८ व्होल्ट रेझिस्टरमधून थेट बेसवर जातात. रेझिस्टर ओपन झाला तर खालच्या फ्रिक्वेन्सीवर गेन वाढतो आणि ड्राइव्ह (रेडिओकडून येणारा सिग्नल) नसतानाही ॲम्प्लिफायर ऑसिलेट होतो. ट्रान्झिस्टर शॉर्ट होताना हे दोन भाग बरेचदा सोबत जळतात, म्हणून डोळ्याने चांगले दिसले तरी एक टोक उचलून मोजा.

रिलेचे कॉन्टॅक्ट काळे पडले असतील तर आउटपुट मध्येच सुटतो आणि ट्रान्झिस्टर लोडशिवाय चालतो. साफ करत बसण्यापेक्षा रिले बदलावा. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या कलेक्टरांमधला मायका कपॅसिटर फुटला असेल तर तिथे साधा डिस्क सिरॅमिक लावू नका, तो तापून जळतो.

चार किंवा जास्त ट्रान्झिस्टरच्या सेटमध्ये कंबायनरचा (जोड्यांची पॉवर एकत्र करणाऱ्या भागाचा) बॅलन्स रेझिस्टर काळा दिसला तर समजा की एक जोडी काम करत नाही. दोनपैकी एक जोडी मेली की पॉवर निम्मी नाही, चतुर्थांश होते. उरलेल्या जोडीची अर्धी ताकद त्या रेझिस्टरमध्ये जळते.

बसवताना

या ट्रान्झिस्टरच्या सिरॅमिकमध्ये बेरिलियम ऑक्साइड असतो. त्याची धूळ फुप्फुसात गेली तर असाध्य आजार होतो. कव्हर फोडू नका, घासू नका, ड्रिल लावू नका. फुटलेला नग पिशवीत बंद करून घातक कचऱ्यात द्या. काढताना खालून स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटायचं नाही. एकेक पट्टी सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या वातीने मोकळी करा.

हीटसिंक आणि फ्लँज आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पेस्टचा थर खालचा धातू अंधूक दिसेल इतका पातळ ठेवा. मधे मायकाची चकती लागत नाही, फ्लँज आतल्या ट्रान्झिस्टरपासून विजेच्या दृष्टीने वेगळाच असतो. आधी दोन्ही स्क्रू आलटून-पालटून आवळा, पट्ट्या नंतर सोल्डर करा. उलट क्रमाने केलं तर आवळताना ताण पट्ट्यांवर येतो आणि सिरॅमिकला तडा जातो. एमिटरच्या दोन्ही पट्ट्या बॉडीला भिडेपर्यंत, पूर्ण रुंदीने सोल्डर करा. तिथे फट राहिली की २७ मेगाहर्ट्झवर गेन सरळ पडतो.

पहिल्याच की ला पूर्ण ड्राइव्ह

कलेक्टरच्या सप्लाय लाइनमध्ये १२ व्होल्ट २१ वॅटचा गाडीचा बल्ब सीरिजमध्ये टाका. इनपुटला ५० ओम, आउटपुटला पुरेशा वॅटचा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर). ड्राइव्ह न देता की करा. बल्ब पेटला तर लगेच सोडा: शॉर्ट किंवा ऑसिलेशन आहे, पण ट्रान्झिस्टर वाचलेला आहे. पेटला नाही तर बल्ब काढून अँमीटर लावा आणि आयडल करंट (ड्राइव्ह नसतानाचा) दर ट्रान्झिस्टरला १०० मिलिअँपिअरच्या आसपास ठेवा. सी क्लासच्या सेटमध्ये बायस नसतो, तिथे हा करंट शून्यच दिसेल.

आता ड्राइव्हचा हिशेब. २एससी२८७९ चा गेन किमान १३ डेसिबल, म्हणजे १०० वॅटला ५ वॅट आणि जोडीला १० वॅट पीईपी पुरतात. एएममध्ये ४ वॅट कॅरिअर (बोलणं नसतानाची मूळ लहर) पूर्ण मॉड्युलेशनला १६ वॅट पीईपी होतो, म्हणजे न वाढवलेला साधा रेडिओसुद्धा जोडीला जास्त होतो. मध्ये ३ डेसिबलचा पॅड (ड्राइव्ह निम्मा करणारे रेझिस्टर) टाका: १८ ओमचा ५ वॅटचा सीरिजमध्ये, दोन्ही टोकांना ग्राउंडकडे ३०० ओमचे ३ वॅटचे. वायरवाउंड रेझिस्टर इथे चालत नाहीत. जोडीकडून एएममध्ये ५० वॅटपेक्षा जास्त कॅरिअर मागू नका. मीटरवर १०० दिसले तर शिखरं कापली जात आहेत आणि शेजारचे चॅनल खराब होत आहेत. अमेरिकेत एफसीसीची सीबीवरची मर्यादा एएमला ४ वॅट आणि एसएसबीला १२ वॅट पीईपी असून लिनिअरला तिथे मनाई आहे, म्हणून चाचणी डमी लोडवरच करावी.

व्होल्टेज वाढवून पॉवर काढणं सर्वांत महाग पडतं. कलेक्टरवरचं शिखर सप्लायच्या दुप्पट जातं आणि एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत येणाऱ्या पॉवरचं माप) वाईट असेल तर त्याहून वर. १३.८ व्होल्टला २७.६ होतात, १८ व्होल्टला ३६. कलेक्टर-बेसची मर्यादा ४५ आहे. उरलेलं अंतर एका सैल कनेक्टरने संपतं.

शेवटी एक मिनिट कॅरिअर देऊन की सोडा, सप्लाय बंद करा आणि दोन्ही फ्लँजचं तापमान पाहा. एक ठळकपणे गरम असेल तर आधी त्याचे स्क्रू आणि पेस्ट तपासा, मग जोडीचा गेन पुन्हा मोजा.