वीस तारीख सांभाळून ११३ किलोमीटर

मी पुण्यात एका सीए फर्ममध्ये काम करते. आमच्याकडे महिने नसतात, तारखा असतात. दर महिन्याची ११ आणि २० जीएसटीची, ३१ जुलै रिटर्नची, ३० सप्टेंबर टॅक्स ऑडिटची. मुदतवाढ मिळते कधी कधी, पण ती जाहीर होते अगदी शेवटी, आपलं जागरण करून झाल्यावर. अशी नोकरी, घरात दोन मुलं आणि सासूबाई, आणि वय एक्केचाळीस. एवढं सगळं धरून मी गोव्याची हाफ आयर्नमॅन पूर्ण केली. डोक्यात हा किडा नुकताच वळवळायला लागलाय, अशांसाठी हे लिहितेय.

आधी अंतरं. हाफ म्हणजे १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर पळणं, सगळं सलग. बेरीज ११३ किलोमीटर, म्हणजेच ७०.३ मैल, म्हणून त्या शर्यतीच्या नावात ७०.३. फुल म्हणजे याच्या दुप्पट. गोव्यात २०१९ पासून मिरामारला ही हाफ होते, पावसाळा संपल्यावर. वेळेची मर्यादा साधारण साडेआठ तास, त्यात पोहण्याला १ तास १० मिनिटं.

हे आकडे ऐकून घाबरायला होतं. मीही घाबरले, मग पेन घेऊन बसले. ७० मिनिटांत १९०० मीटर म्हणजे १०० मीटरला साडेतीन मिनिटांहून जास्त वेळ मिळतो. सायकल ताशी २५ च्या वेगाने ३ तास ३६ मिनिटं. पळणं, किलोमीटरला साडेसात मिनिटं धरली, तरी २ तास ४० मिनिटांच्या आत. कपडे-बूट बदलायला पंधरा मिनिटं द्या. एकूण साडेसात तासांच्या आसपास. म्हणजे तिन्हींपैकी एकातही पटाईत असायची गरज नाही. फक्त तिन्ही वेळेत उरकता यायला हवीत. आणि पहिल्यांदा डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी, रक्तदाब बघून घ्या. चाळिशीनंतर तर नक्कीच.

पोहण्यापासून सुरुवात करते, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. मी मूळची सांगलीकडची. पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललेली. त्यामुळे मला पोहता येतं अशी माझी पक्की समजूत होती. टँकवर पहिल्या दिवशी पोहणं शिकवणारे सर काठावर उभे राहून दोन फेऱ्या बघत राहिले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही पोहत नाही आहात, बुडत नाही आहात एवढंच." मान वर, कंबर खाली, पाय सायकल मारतायत. विहिरीत चालतं ते, दोन किलोमीटरला नाही. पुढचे तीन महिने मी एकच गोष्ट शिकले: तोंड पाण्यात असताना श्वास सोडायचा. आपण सगळे तो कोंडून ठेवतो आणि तोंड बाहेर आलं की सोडणं आणि घेणं दोन्ही एकाच क्षणात उरकायला बघतो, म्हणून पंचवीस मीटरमध्ये धाप लागते. सरांनी मला काठ धरून नुसते बुडबुडे काढायला लावले, बालवर्गातल्या मुलांसोबत. एक चिमुरडी मला शिकवायची, "काकू, हूं करा, हूंऽऽ." खरंच, नाकातून हुंकार दिला की श्वास आपोआप सुटतो. पंचवीस मीटरच्या टँकमध्ये १९०० मीटर म्हणजे ७६ लांब्या. डिसेंबरात मला सलग चार जमत होत्या, एप्रिलमध्ये ऐंशी.

पण टँक म्हणजे समुद्र नव्हे. टँकमध्ये तळाला काळी रेघ असते आणि दर पंचवीस मीटरला भिंतीला लाथ मारून फुकट ढकल मिळते. समुद्रात दोन्ही नाही. दर आठ-दहा हातांनी डोळे पाण्याबाहेर काढून पुढचा बोया, म्हणजे दिशा दाखवणारा तरंगता फुगा, बघावा लागतो, नाहीतर आपण मजेत तिरके जातो आणि दोन किलोमीटरचे सव्वादोन होतात. पुण्यातल्या लोकांना इथे एक अडचण आहे, जी मला कुणी आधी सांगितली नव्हती. शर्यत पावसाळ्यानंतर असते आणि जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला. त्यामुळे समुद्राची सवय मे महिन्यातच करून घ्यावी लागते. आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत मालवणला गेलो, चिवला बीचवर. मुलं वाळूत, मी किनाऱ्याला समांतर पाण्यात, सोबत तिथला एक पोहणारा. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत बाहेर आले, छाती धडधडत होती. चौथ्या दिवशी चाळीस मिनिटं राहिले. खडकवासल्याला किंवा पानशेतला उतरून हा सराव करायचा विचार मनात येईल. तो सोडून द्या. दरवर्षी तिथे माणसं बुडतात, त्यातली बरीच पोहता येणारी असतात.

सायकलिंगसाठी मी सेकंडहँड रोड बाईक घेतली आणि पॅडलला बूट अडकवायच्या क्लीट लावल्या. क्लीट लावणारा प्रत्येक जण एकदा पडतो. मी नळस्टॉपच्या सिग्नलला पडले, भर साडेआठला. सायकल थांबली, पाय सुटेना, आणि मी अगदी सावकाश, झाड कोसळावं तशी डाव्या बाजूला आडवी झाले. शेजारचे रिक्षावाले काका खाली वाकून म्हणाले, "ताई, स्टँड लावायचं राहिलं का?" तेव्हा क्लीटचा सराव आधी पार्किंगमध्ये, भिंतीला धरून करा.

लांब राईड रविवारी. अंधारात एकटीने जायचं नाही, हा आमचा नियम. आम्ही चौघी पहाटे पाचला चांदणी चौकात भेटायचो. एक रविवार पिरंगुट-पौडकडे, एक कात्रजहून खेड शिवापूर आणि शिरवळ. शिरवळ गाठून परत आलं की कोथरूडपासून शंभरच्या आसपास भरतात आणि येताना, पाय संपल्यावर, कात्रजच्या बोगद्याआधीचा चढ लागतो. शिव्या घालत चढायचा. बोगद्यात मागचा लाल दिवा दिवसाही चालू हवा. पंक्चर स्वतः काढता आलं पाहिजे. शर्यतीत ट्यूब बदलायला कुणी धावून येत नाही, आणि बाहेरच्या माणसाची मदत घेतली तर बाद करू शकतात. दुसऱ्याच्या मागे चिकटून वारा चुकवणंही चालत नाही. पुढच्या सायकलीपासून बारा मीटर लांब राहायचं. त्यामुळे ग्रुपच्या आडोशाने सरासरी तीस काढणाऱ्यांनी फार खूश होऊ नये.

पावसाळ्यात रस्त्यांवर पाणी साचलं की खड्डा किती खोल ते कळत नाही. तेव्हा घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर. त्याचा घरघराट थेट खालच्या मजल्यावर जातो. रबरी मॅट, वर जुनी सतरंजी, आणि खालच्या काकूंना महिन्यातून एकदा डबाभर काहीतरी. हेही ट्रेनिंगच धरा.

पळण्याबद्दल फार सांगत नाही, पुण्यात पळणारे गल्लोगल्ली आहेत. तळजाई, विद्यापीठाचा परिसर, वेताळ टेकडी, कुठेही पळा. फक्त सायकलवरून उतरल्या-उतरल्या पळायचा सराव करा. त्याला ब्रिक म्हणतात. पहिली दहा मिनिटं पाय भाड्याने आणल्यासारखे वाटतात. आठवड्यातून एकदा, नुसते तीन किलोमीटर जरी पळलात, तरी शर्यतीच्या दिवशी त्या पायांची ओळख असते.

आता मुख्य रडगाणं, वेळ. मी इंटरनेटवरून चोवीस आठवड्यांचा एक प्लॅन उतरवला होता, आठवड्याला दहा-बारा तासांचा. तो ज्याने लिहिला त्याला वीस तारीख नसावी, आणि गणपतीही नसावेत. मी तो पाळायला गेले आणि तास आणले झोपेतून. पावणेचारचा गजर, रात्री झोपायला साडेअकरा. जूनभर चाललं. फार अभिमान वाटत होता स्वतःचा. जुलैमध्ये आठवडाभर ताप आला, नडगी दुखायला लागली आणि परत कामावर आल्यावर एका क्लायंटच्या रिटर्नमध्ये मी एका खान्यातला आकडा दुसऱ्या खान्यात भरला. रिटर्न पाठवायच्या आधी ऑफिसच्या सरांनी पकडला. ओरडले नाहीत. चष्मा काढून एवढंच विचारलं, "झोपतेस का तू?"

त्या रात्री नवीन एक्सेल उघडली. पहिल्यांदा ऑफिसच्या तारखा लाल केल्या. मग मुलांच्या परीक्षा, गणपती, नवरात्र, दिवाळी. मग रोजची सात तास झोप, तीही लालच. उरलेल्या पांढऱ्या चौकोनांत ट्रेनिंग टाकलं. आठवड्याला सरासरी सात तास निघाले. १८ ते २० तारखेच्या आठवड्यात चारच. कपात कुठे करायची तेही ठरवलं. पोहणं दोनदा, ते कमी करायचं नाही, कारण ते माझं कच्चं. रविवारची राईड सोडायची नाही. पळणं मधल्या दिवसांत, कधी ऑफिसातून घरी पळत, लॅपटॉप तिथेच ठेवून. चुकलेला दिवस दुसऱ्या दिवशी भरून काढायचा नाही. हे शेवटचं मला सगळ्यात जड गेलं. बाकी राहिलेली एंट्री पुढे ओढायची सवयच आहे आम्हाला.

पांढरे चौकोन फक्त आपले नसतात, हे मात्र एक्सेलमध्ये दिसत नाही. रविवारी मी पाच तास बाहेर म्हणजे घरात नाश्ता, दूधवाला, मुलाचा क्लास कुणीतरी बघतंय. आम्ही नवरा-बायकोने सरळ वाटणी केली: रविवार दहापर्यंत माझा, शनिवार त्याचा. दहा म्हणजे दहा. सव्वादहाला आले तर पुढच्या रविवारी पंधरा मिनिटं कमी. सासूबाईंनी सुरुवातीला विचारलं होतं, "अगं, नंबर येणार आहे का तुझा?" म्हटलं, "नाही आई." "मग एवढं कशाला?" याचं उत्तर मला तेव्हाही देता आलं नाही, पण ट्रेनरच्या दिवशी बटाटे उकडून ठेवायला त्यांनीच सुरुवात केली.

बटाट्यांवरून आठवलं, खाणं. इतका वेळ चालणाऱ्या शर्यतीत तासाला साधारण ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जायला हवीत. एका केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात. मीठ लावलेले छोटे बटाटे, खजूर, केळी, आणि शेवटच्या तासाला जेल (पुडीतला गोड, घट्ट पाक), असं माझं ठरलं. शेंगदाण्याची चिक्की सायकलवर जड पडते, पळताना तर वर येते. ओआरएसचा एक घोळ समजून घ्या: लीटरभर पाण्यात ग्लुकोज असतं १३.५ ग्रॅम. ते मीठ भरून काढायला उत्तम, पण त्यावर सायकल चालत नाही. मी सुरुवातीला दोन बाटल्या ओआरएस घेऊन निघायचे आणि सत्तराव्या किलोमीटरला डोळ्यांपुढे अंधारी यायची. उलट नुसतं साधं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम खाली जातं, मळमळतं, भान हरपू शकतं, आणि गोव्याच्या दमट हवेत घाम नळासारखा वाहतो. जे काही खायचं ते आधी चार-पाच रविवारी खाऊन बघा. आणि नवरात्राचे उपवास करत असाल तर त्या आठवड्यात ९० किलोमीटर मारू नका. साबुदाण्याच्या खिचडीवर मी केलेला प्रयोग बोगद्याच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला संपला.

शेवटच्या दोन आठवड्यांत अंतर निम्म्यावर आणतात. त्या मोकळ्या वेळात मी हॉलमध्ये कपडे बदलण्याचा सराव केला: टोपी-गॉगल काढा, पाय पुसा, मोज्यांत पावडर, हेल्मेट. हेल्मेटचा बंद लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, हा नियम आहे. मुलगा स्टॉपवॉच घेऊन ओरडायचा, "बंद! बंद!" शर्यतीत पाण्यातून बाहेर आल्यावर माझ्या कानात तोच आवाज होता.

पोहायला ५८ मिनिटं लागली, एकूण ७ तास ५२ मिनिटं. शेवटचे सहा किलोमीटर बरेचसे चालले. संध्याकाळी घरी फोन केला. "आला का नंबर?" "नाही आई, पण वेळेत झालं." "बरं. येताना काजू आण."

एक राहिलं. परतीच्या प्रवासाच्या दुसऱ्या दिवशीचीही रजा आधीच टाकून ठेवा. मी टाकली नव्हती. मंगळवारी ऑफिसला गेले तर लिफ्ट बंद, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. चढायला जमलं. उतरताना मात्र कठडा दोन्ही हातांनी धरून, भिंतीकडे तोंड करून, उलटी उतरले.