हायलक्सला मोठे टायर घालताय? या चुका टाळा

आधी चाकं (म्हणजे टायरशिवायची धातूची रिम) आणि मग टायर, हा उलटा क्रम हल्ली जिथे तिथे दिसतो. दुकानात काळी, बाहेर आलेली अलॉय पसंत पडतात, पैसे दिले जातात आणि मग प्रश्न येतो, "यात कुठला टायर बसेल?" आधी टायर ठरवा, चाकाचं नंतर बघा.

१७ इंची चाकांच्या टोयोटा हायलक्स पिकअपवर मूळ टायर २६५/६५ आर१७ (रुंदी २६५ मिमी, टायरची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १७ इंची), चाक ७.५ इंच रुंद आणि ऑफसेट अधिक ३० मिमी. ऑफसेट म्हणजे चाकाच्या रुंदीच्या मध्यापासून हबवर, म्हणजे जिथे चाक नटांनी आवळलं जातं तिथे, टेकणाऱ्या पृष्ठभागाचं अंतर. ऑफसेट जितका कमी, तितकं चाक बाहेर. हौशी मंडळींना आवडतं ते ९ इंची, शून्य ऑफसेटचं. गणित करा: मूळ चाकाची बाहेरची कड हबच्या बसणीपासून साधारण ६५ मिमी बाहेर येते, नव्याची ११४ मिमी. म्हणजे तब्बल ४९ मिमी बाहेर. आतल्या बाजूला मात्र जेमतेम ११ मिमी जागा मिळाली. हे कागदावर पाच मिनिटांत कळतं, पण कागद कोणाला हवाय!

अशा चाकांवर २८५/७० आर१७ चढवलेल्या एका हायलक्सचं बघा. गॅरेजच्या सपाट फरशीवर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरलं, कुठे घासलं नाही, गाडी ताब्यात दिली. पहिल्याच दगडी चढावर डावं पुढचं चाक वर दबलं, स्टिअरिंग पूर्ण वळलेलं होतं, आणि टायर मडगार्डच्या आतलं प्लास्टिक फाडून त्यामागच्या बॉडी माउंटच्या (केबिन चासीला जिथे जोडलेली असते तिथल्या) ब्रॅकेटवर घासू लागला. उपाय म्हणून काय केलं? दोन इंच लिफ्ट, म्हणजे सस्पेन्शन बदलून गाडी तेवढी उंच केली. पुढच्या खेपेला तेच. लिफ्टने गाडी उभी उंच राहते, पण सस्पेन्शन बंप स्टॉपपर्यंत (दबण्याची हद्द ठरवणाऱ्या रबरी ठोकळ्यापर्यंत) दबलं की चाक जवळपास जुन्याच जागी येतं. त्यात चाक जितकं बाहेर, तितका वळताना त्याचा फेरा मोठा, म्हणून मागची कड आणखी मागे जाते. मग कोणीतरी कटर घेऊन ब्रॅकेट छाटतो. नीट वेल्डिंग करून, पट्टी लावून, गंज रोखून केलं तर ठीक. घाईत नुसतं कापणं म्हणजे चासीशी खेळ.

२८५/७० टायर ७.५ इंची चाकावरही बसतो. त्याच्यासाठी मान्य रुंदी ७.५ ते ९ इंच आहे. वाळूत हवा उतरवल्यावर अरुंद रिमवर टायरची कड निसटण्याची भीतीही कमी. फार तर ८ इंच आणि अधिक २० ऑफसेट घ्या: बाहेर सुमारे १६ मिमी, आत ४ मिमी मोकळीक. बेअरिंगवरचा भार आणि स्टिअरिंगचे धक्के आवाक्यात राहतात, दरवाजेही चिखलाने कमी माखतात. मूळ रिम ठेवलीत तर टायर आणि वरच्या कंट्रोल आर्ममध्ये (चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्यात) किती जागा उरते, ते आधी बोटाने तपासा.

घासतं का हे बघायला टायरच्या कडेला खडू फासा, पुढचं एक चाक ठोकळ्यावर चढवा आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना न्या. खडू जिथे उमटेल, तिथे टायर लागणार. दोन्ही चाकांना करा; अर्धवट तपासणी फुकट जाते.

हेही बघा. २८५/७० मूळ टायरपेक्षा सुमारे ७ टक्के मोठा. मीटरवर १०० दिसताना गाडी १०७च्या आसपास असेल; मीटर थोडं जास्तच दाखवणारा असल्यास फरक कमी. घाटात पहिला गिअर जड वाटेल, ते इंजिनाचं दुखणं नव्हे. नुसतं अंगाने थोडं मोठं हवं असेल तर २६५/७० आर१७ घ्या: ३.४ टक्केच वाढ आणि कापाकापीची गरज सहसा नाही.

स्टेपनी त्याच मापाची हवी. वेगळ्या मापाची लावून कोरड्या डांबरावर फोर-व्हील चालवू नका. गाडीखालच्या जागेत मोठी स्टेपनी मावते का, तेही आधीच मोजून घ्या.

टोयोटाच्या अनेक मूळ अलॉयना सपाट वॉशरचे नट लागतात, बाहेरच्या चाकांना बहुधा ६० अंशांचे शंकूचे. जुने नट नव्या चाकावर लावू नका. हबचा मधला उंचवटा १०६ मिमीच्या आसपास. चाकाचं मधलं भोक त्याहून मोठं असेल तर फटीत रिंग घाला, नाहीतर वेगात स्टिअरिंग थरथरू शकतं. ५० ते १०० किमी झाल्यावर नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा.