चार वेगवेगळ्या मापाच्या डिस्क आणि एक रेड

माझ्याकडे चार हार्ड डिस्क जमल्या होत्या: दोन ४ टीबीच्या, एक ३ ची, एक २ ची. चौघींचा सरळ रेड ५ (डिस्क एकत्र जोडून, एक बिघडली तरी डेटा टिकेल अशी मांडणी) केला की सगळ्यात लहान डिस्क बाकीच्यांचं माप ठरवते. प्रत्येकीचे २ टीबीच वापरात येतात, त्यातली एका डिस्कइतकी जागा पॅरिटीला, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा परत काढायच्या हिशेबाला जाते. १३ टीबीतून हाती उरतात ६. मला हे पटेना. थर लावले तर त्याच डिस्कमधून ९ निघतात.

थर असे. चौघींवर २ टीबीचं एकेक पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग), त्यांचा रेड ५: जागा ६. तिघींवर अजून एकेक टीबी शिल्लक, त्यांचा दुसरा रेड ५: जागा २. ४ टीबीच्या जोडीवर शेवटचा एकेक टीबी, त्यांचा रेड १ (दोन्हींवर तीच प्रत): जागा १. कुठलीही एक डिस्क गेली तरी प्रत्येक थरातला एकच तुकडा जातो, म्हणून डेटा टिकतो. एकाच डिस्कचे दोन तुकडे एका थरात कधीच घालू नका. तिथे हा सगळा हिशेब कोसळतो.

आधी स्मार्टसीटीएल या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रामने प्रत्येक डिस्कची लांब चाचणी घ्या. पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणाऱ्या जागा) दिसले तर ती डिस्क बाजूला ठेवा. एसएमआर प्रकारचीही नको: तिचे ट्रॅक एकमेकांवर चढलेले असतात, आणि रीबिल्डच्या, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा पुन्हा उभारण्याच्या वेळी लिहिण्याचा वेग फार पडतो.

पार्टिशन टेबल (पार्टिशनांची नोंद ठेवणारा तक्ता) जीपीटी प्रकारचंच, कारण जुनं एमबीआर २ टीबीच्या आसपास संपतं. प्रत्येक डिस्कच्या शेवटी १०० एमबी मोकळे सोडा. पुढे बदली आणलेली ‘४ टीबी’ची डिस्क किंचित लहान निघू शकते.

आता लिनक्सवरच्या एमडीएडीएम या प्रोग्रामने तिन्ही अॅरे, म्हणजे वरचे तीन रेड, बनवा. पहिलं सिंक (डिस्क एकमेकींशी जुळवण्याचं काम) सुरू झालं की एकच अॅरे पुढे सरकताना दिसेल, बाकीच्या ‘डिलेड’. घाबरू नका, डिस्क त्याच असल्यामुळे कर्नल (लिनक्सचा गाभा) त्यांना रांगेत उभं करतं. मग तिन्ही एलव्हीएमच्या (जागा एकत्र करून वाटणारी व्यवस्था) एकाच ग्रुपमध्ये घाला. त्यातून काढलेलं व्हॉल्यूम लिनिअर, म्हणजे एका अॅरेमागून दुसरी असं ठेवा. स्ट्राइप केलात, म्हणजे डेटा तिन्हींवर वाटत लिहिलात, तर त्याच डिस्कचं हेड एका थरातून दुसऱ्यात धावत राहील.

अॅरेची माहिती कॉन्फिग फाइलमध्ये लिहून इनिटरॅमएफएस (मशीन सुरू होताना आधी लोड होणारी छोटी फाइल सिस्टिम) ताजं करा, नाहीतर रीबूटनंतर अॅरे एमडी१२७ अशा भलत्याच नावाने उभी राहते. चुकून पुसलेली फाइल रेड परत देत नाही, तेव्हा बॅकअप वेगळ्या डिस्कवर हवाच.

डेटा भरण्याआधी रंगीत तालीम करा: एका डिस्कचे सगळे तुकडे ‘फेल’ ठरवा, काढा, पुन्हा जोडा, रीबिल्ड पूर्ण होईपर्यंत थांबा. आणि प्रत्येक डिस्कच्या समोरच्या कडेवर सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे चिकटवा. एकदा बिघडलेली समजून मी शेजारची चांगली डिस्क उपसली आणि अॅरे जागच्या जागी बंद पडली. डेटा वाचला, पण त्या रात्रीपासून आकडे जुळवल्याशिवाय मी एकाही केबलला हात लावत नाही.