पुण्यात हॉस्टेलला जाताना काय न्यायचं, काय नाही

रूम अलॉट झाली की बॅग नंतर, आधी फाइल भरा. अलॉटमेंट लेटर, फीची पावती, आधार, मार्कशीट, भरपूर पासपोर्ट फोटो आणि सगळ्याचे दोन-तीन झेरॉक्स सेट. यूजीसीच्या २००९च्या नियमांमुळे रॅगिंगविरोधी हमीपत्र मुलाचं आणि पालकांचं दोघांचंही लागतं, ते घरूनच ऑनलाइन भरून टाका. लोकल गार्डियन म्हणून मावशीचं नाव देणार असाल तर तिला आधी सांगा तरी, वॉर्डनचा फोन आल्यावर कळायला नको.

बादली, मग, हँगर असलं काही गावावरून एसटीत घालून आणू नका, तुळशीबागेत सगळं मिळतं आणि घासाघीस पण करता येते. गादीचं मात्र आधी विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी नुसता पलंग असतो. आणि कुलूप घेताना बारीक दांडीचं घ्या, कपाटाच्या कोयंड्याचं भोक लहान असलं की जाड दांडी आत जातच नाही मग परत दुकानात पळा.

जुलै-ऑगस्टमध्ये येत असाल तर पावसाचा विचार करूनच कपडे भरा, जीन्स दोन बास झाल्या कारण वाळतच नाहीत, जाड टॉवेलपेक्षा पंचा बरा, सोबत नायलॉनची दोरी, चिमटे आणि डांबरगोळ्या. रजई दिवाळीला घरी जाल तेव्हा आणा, थंडी तेव्हाच सुरू होते. हीटर रॉड आणि इंडक्शन बहुतेक हॉस्टेलला चालत नाही, जप्त होतं.

शेंगदाण्याची चटणी जास्तच आणा, रूममेट पण खाणार आहेत.